मुक्कामी औषध

लघवी मूत्रपिंडाच्या मांसल भागात तयार होते. तिथून ती आठ-दहा छोट्या खळग्यांत झिरपते, मधल्या पोकळीत जमते आणि पाव मीटर लांबीच्या मूत्रवाहिनीतून मूत्राशयाकडे उतरते. ही मधली पोकळी अगदी लहान, जेमतेम काही मिलिलिटर मावतील एवढी. पण ती स्वस्थ कधीच नसते. तिच्या भिंती मिनिटातून अनेकदा आकुंचन पावतात आणि जमलेली लघवी खाली ढकलत राहतात. रात्री आपण झोपलेले असतो तेव्हाही हे काम थांबत नाही.

या पोकळीला आतून जे अस्तर असतं, तेच पुढे मूत्रवाहिनीत आणि मूत्राशयातही पसरलेलं असतं. त्या अस्तराचा कॅन्सर बहुतेकांना मूत्राशयात होतो. शंभरातल्या पाच ते दहा जणांना मात्र तो वर, मूत्रपिंडाच्या पोकळीत किंवा मूत्रवाहिनीत होतो. त्यातही एक मवाळ प्रकार आहे, डॉक्टर त्याला लो-ग्रेड म्हणतात. तो सावकाश वाढतो, अस्तराच्या खाली सहसा शिरत नाही, शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो. त्याची खोड एकच, काढला तरी पुन्हा पुन्हा उगवतो. मूत्राशयात असा कॅन्सर झाला तर दुर्बिणीतून तो खरवडून काढतात, वरून औषध सोडतात आणि रुग्ण घरी जातो. मूत्रपिंडात तोच कॅन्सर झाला तर मात्र कित्येकदा अख्खं मूत्रपिंड, त्याच्या खालची मूत्रवाहिनी आणि ती मूत्राशयाला मिळते तिथला तुकडा, एवढं सगळं काढून टाकावं लागत असे. रोग मवाळ आणि उपचार इतका कठोर. बहुतेक रुग्ण साठी-सत्तरी ओलांडलेले असतात, अनेकांना मधुमेह किंवा रक्तदाब असतो, उरलेलं दुसरं मूत्रपिंडही तरुणपणीसारखं राहिलेलं नसतं. एक मूत्रपिंड गेल्यावर त्यातल्या काहींना पुढे डायलिसिसची वेळ येऊ शकते.

मूत्राशयात जे औषध उपयोगी पडतं ते मूत्रपिंडात का पडू नये? पेशी त्याच, कॅन्सर तोच. अडचण फक्त एवढी होती की औषध तिथे थांबत नव्हतं.

औषधाचं नाव मायटोमायसिन. 1956 मध्ये जपानमधल्या किटासातो संस्थेत तोजू हाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हे द्रव्य मिळवलं. दोन वर्षांनी त्याच गटातलं मायटोमायसिन सी शुद्ध स्वरूपात हाती आलं. त्याचे स्फटिक निळसर जांभळे असतात. पेशीत शिरल्यावर ते सक्रिय होतं आणि डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकतं. धागे सुटे झाल्याशिवाय पेशीला विभागता येत नाही, म्हणून ती मरते. हे काम ते कॅन्सरच्या पेशीत करतं तसंच अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीतही करतं. शिरेतून दिल्यावर रक्तातल्या पेशींची संख्या काही आठवड्यांनी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते.

शिरेतून दिलेल्या किमोचा हिशेब मुळातच महाग आहे. औषध पाचेक लिटर रक्तात मिसळतं, शरीरभर फिरतं आणि त्यातला अगदी थोडा वाटा गाठीपर्यंत पोचतो. बाकीचा वाटा केसांच्या मुळांना, आतड्याच्या अस्तराला, अस्थिमज्जेला भोगावा लागतो. जो कॅन्सर शरीरभर पसरला आहे किंवा पसरण्याची भीती आहे, तिथे हा भुर्दंड सोसण्यावाचून गत्यंतर नसतं. पण रोग एकाच जागी असेल तर?

मूत्राशयाच्या बाबतीत डॉक्टरांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. मायटोमायसिनचा रेणू निरोगी अस्तरातून रक्तात सहजी शिरत नाही. म्हणून कॅथेटरमधून चाळीसेक मिलिग्रॅम औषध थेट मूत्राशयात सोडायचं, रुग्णाला तास-दोन तास लघवी रोखून धरायला सांगायचं आणि मग ते बाहेर टाकायचं. आधी पाणी कमी प्यायला सांगतात, म्हणजे औषध पातळ होत नाही. अस्तराला भरपूर मात्रा मिळते, रक्तात फारच थोडं जातं. मूत्राशयाचा स्वभावच साठवण्याचा असल्यामुळे हे जमतं.

मूत्रपिंडाच्या पोकळीचा स्वभाव वाहून नेण्याचा आहे. तिथे नळीवाटे तेच द्रावण सोडलं तर ते काही मिनिटांत खाली उतरतं. सर्जननी पाठीतून नळी घालून थेंब थेंब औषध सोडून पाहिलं, खालून कॅथेटर चढवून पाहिलं. पण औषधाची अस्तराशी गाठ पडायची ती निसटती. मग दुर्बिणीतून लेझर फिरवून जाळता येईल तेवढी गाठ जाळायची आणि जिथे दुर्बीण वळत नाही, त्या खळग्यातली तशीच ठेवायची, असा मार्ग उरत असे. दुर्बीण कितीही लवचिक असली तरी खालच्या टोकाच्या काही खळग्यांचा कोन इतका उलटा असतो की तिथे ती पोचत नाही.

म्हणजे जे हवं होतं ते असं: नळीतून जाण्याइतकं पातळ, पोकळीत पोचताच घट्ट होणारं, काही तास भिंतींना धरून राहणारं आणि काम झाल्यावर आपोआप विरघळून निघून जाणारं. शेवटची अट विसरून चालणार नाही. मूत्रपिंडात एखादी गोष्ट घट्ट बसली आणि सुटलीच नाही, तर लघवी तुंबते, आणि मग औषधच दुखणं होऊन बसतं.

असा पदार्थ कारखान्यात आधीच तयार होता. तो कॅन्सरसाठी बनवलेला नव्हता.

साजूक तूप थंडीत थिजतं आणि उन्हात पातळ होतं. आपल्या ओळखीचे बहुतेक पदार्थ याच वाटेने जातात. पोलोक्सामर 407 नावाचं पॉलिमर पाण्यात योग्य प्रमाणात विरघळवलं की नेमकं याच्या उलट वागतं. फ्रिजमध्ये ते पाण्यासारखं ओतता येतं आणि तळहाताच्या उबेत त्याचं पारदर्शक जेल होतं. पुन्हा थंड करा, पुन्हा पातळ. प्लुरॉनिक या नावाने विकली जाणारी ही पॉलिमरं 1950च्या दशकापासून बाजारात आहेत, प्रामुख्याने साबणासारखी, तेल आणि पाणी एकत्र आणणारी रसायनं म्हणून. याच 407चा वापर आज माउथवॉशमध्ये आणि कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणातही होतो.

हे पॉलिमर जखमेवर वापरता येईल हे अमेरिकेतल्या बीएएसएफ वायनडॉट कंपनीतल्या आयर्विंग श्मोल्का या रसायनशास्त्रज्ञाने ओळखलं. 1972 मध्ये त्याने भाजलेल्या रुग्णांसाठी कृत्रिम त्वचेची कल्पना मांडली. थंड द्रावण भाजलेल्या भागावर ओतायचं. थंडाव्याने आग शमते, द्रावण जखमेच्या प्रत्येक खाचेत पसरतं आणि अंगाच्या उबेने तिथेच घट्ट होऊन बसतं. बदलायचं झालं तर थंड पाण्याने धुवायचं, खरवडण्याची गरज नाही. भाजलेल्या माणसाची पट्टी बदलताना होणाऱ्या वेदना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या विचारातली करुणा लगेच कळेल. मूत्रपिंडातल्या जेलची मूळ युक्ती या 1972च्या विचारातच आहे.

हे उलटं वागणं येतं कुठून? पोलोक्सामरचा रेणू म्हणजे तीन भागांची लांब साखळी. दोन्ही टोकांचे भाग पाण्याशी सलोखा असलेले, प्रत्येकी सुमारे शंभर कड्यांचे. मधला साठेक कड्यांचा भाग पाण्याशी फटकून वागणारा. गारठ्यात पाण्याचे रेणू या मधल्या भागाभोवतीही शिस्तीत उभे राहतात आणि त्याला द्रावणात धरून ठेवतात. तापमान वाढलं की पाण्याच्या रेणूंची हालचाल वाढते. ती शिस्त त्यांना परवडत नाही. ते सुटे होतात आणि साखळीचा मधला भाग उघडा पडतो. उघडे पडलेले असे अनेक भाग एकमेकांना चिकटून गोळे बनतात; पाण्याशी सलोखा असलेली टोकं बाहेर, फटकून वागणारा भाग आत. प्रत्येक गोळा सुमारे 20 नॅनोमीटर व्यासाचा. द्रावणात पॉलिमर कमी असेल तर हे गोळे सुटे तरंगत राहतात आणि द्रावण पातळच राहतं. पण पॉलिमर वीस टक्क्यांच्या आसपास असेल तर गोळे इतके होतात की हलायला जागा उरत नाही. ते एकमेकांना खेटून नियमित रचनेत बसतात आणि द्रव अडकून पडतो. तेच जेल.

यात कुठेही रासायनिक बंध जुळत नाही. रेणू तेच राहतात, फक्त त्यांची मांडणी बदलते. त्यामुळे आत मिसळलेल्या औषधाला इजा होत नाही, उष्णता किंवा किरण द्यावे लागत नाहीत आणि भोवती पाणी वाढलं की गोळे पुन्हा सुटे होऊन जेल कडेकडेने झिजत जातं. हा झिजण्याचा गुण इतर ठिकाणी उणीव ठरतो. मूत्रपिंडात तोच गुण वरदान ठरला, कारण तिथे लघवीचा प्रवाह चोवीस तास चालू असतो आणि तोच जेलला धुऊन नेतो.

इस्रायलमध्ये सुरू झालेल्या युरोजेन या कंपनीने या पॉलिमरमध्ये आणखी दोन घटक मिसळून एक जेल तयार केलं आणि त्यात मायटोमायसिन घातलं. ते देण्याची पद्धत वाचताना तापमानाचं महत्त्व पावलोपावली जाणवतं. खोलीच्या तापमानालाच हे मिश्रण निम्मं घट्ट होतं, म्हणून देण्याआधी ते बर्फात उणे 3 ते अधिक 5 अंश सेल्सिअसपर्यंत गार करतात. आधी एक्स-रेत दिसणारं द्रव्य सोडून रुग्णाच्या पोकळीत किती मावतं ते मोजतात आणि तेवढंच औषध भरतात, जास्तीत जास्त 15 मिलिलिटर. मग मूत्राशयातून वर चढवलेल्या किंवा पाठीतून घातलेल्या नळीतून ते चटकन ढकलायचं. रेंगाळलं तर नळीतच घट्ट होतं. गार असतानाही ते दाट असतं, त्यामुळे सिरिंज दाबायला खास उपकरण लागतं.

रुग्णाला आदल्या संध्याकाळपासून खाण्याच्या सोड्याच्या, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात, कारण आम्लधर्मी लघवीत मायटोमायसिन लवकर निकामी होतं. पोकळीत पोचल्यावर जेल घट्ट होतं, खळग्यांच्या कानाकोपऱ्यांत पसरून बसतं आणि चार ते सहा तासांत लघवीबरोबर विरघळून उतरतं. लघवीला निळी-जांभळी छटा येऊ शकते. पुढचे सहा तास रुग्णाने, पुरुष असला तरी, बसूनच लघवी करायची आणि नंतर अनेकदा फ्लश करायचा, कारण त्या लघवीत किमोचं औषध असतं आणि त्याचे शिंतोडे घरातल्या कुणावर उडू नयेत. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. चिरफाड नाही, बहुतेकांना पूर्ण भूल नाही.

या उपचाराची चाचणी ऑलिंपस या नावाने झाली. 71 रुग्ण होते. सहा मात्रांनंतर दुर्बिणीतून पाहिलं आणि लघवीतल्या पेशी तपासल्या, तेव्हा 41 जणांमध्ये, म्हणजे 58 टक्क्यांत, कॅन्सरचा मागमूस नव्हता. याहून महत्त्वाचा आकडा मला दुसराच वाटतो. त्या 71 पैकी 34 जणांची गाठ अशा ठिकाणी होती जिथे दुर्बीण किंवा लेझर पोचत नव्हता. त्यांच्यातही 20 जणांची पोकळी स्वच्छ झाली, जवळपास तेवढ्याच प्रमाणात. हत्यार जिथे वळत नाही तिथे द्रव वाहत जातो, आणि तिथेच तो घट्ट होऊन थांबला, तर हत्याराची गरज उरत नाही. जेलच्या मागचा तर्क या आकड्यात सिद्ध झाला. 15 एप्रिल 2020 रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचाराला परवानगी दिली. जेलमायटो हे त्याचं बाजारातलं नाव.

मायटोमायसिन तेच होतं, जपानी प्रयोगशाळेत सहा दशकांपूर्वी सापडलेलं. बदलला तो त्याचा मुक्काम. औषधशास्त्रात आपण नव्या रेणूंच्या शोधाला जेवढा मान देतो, तेवढा जुन्या रेणूला योग्य जागी थांबवणाऱ्या कामाला देत नाही, आणि मला हे चुकीचं वाटतं. नव्या रेणूच्या बाबतीत सगळंच अज्ञात असतं. जुन्या रेणूचे गुण-दोष हजारो रुग्णांत तपासून झालेले असतात. त्याला नवी वाट दिली की त्या सगळ्या अनुभवाचा उपयोग होतो.

पण मुक्कामाची किंमतही मोजावी लागली. 71 पैकी 31 रुग्णांची मूत्रवाहिनी कमी-अधिक अरुंद झाली. औषध अस्तराला धरून राहतं ते कॅन्सरच्या पेशींपाशी आणि निरोगी पेशींपाशीही. सुजलेल्या, मग भरून आलेल्या अस्तराला कुठेकुठे व्रण पडतो आणि नळी आवळते. काहींना लघवीची वाट मोकळी ठेवण्यासाठी स्टेंट घालावा लागला. लघवीतला जंतुसंसर्ग, लघवीतून रक्त, कुशीत दुखणं हे त्रासही जवळपास प्रत्येकी तिघांतल्या एकाला झाले. एक वर्षानंतर त्या 41 पैकी 23 जण स्वच्छ असल्याचं तपासणीत दिसलं. उरलेल्यांपैकी काहींचा कॅन्सर परतला होता, काही वर्षाच्या तपासणीपर्यंत पोचले नव्हते किंवा अभ्यासातून बाहेर पडले होते. मूत्रपिंड वाचलं आणि त्याबरोबर नियमित तपासणीचं आयुष्यही आलं. ज्याला एकच मूत्रपिंड आहे, त्याच्या दृष्टीने हा सौदा सरळ आहे. दोन्ही मूत्रपिंडं ठणठणीत असलेल्या माणसाला डॉक्टरांशी बसून नीट विचार करावा लागेल.

त्यानंतर हीच युक्ती मूत्राशयासाठी वापरली गेली, आणि तिथे वाद झाला. मवाळ कॅन्सर परत परत उगवणाऱ्या रुग्णांना दर वेळी भूल देऊन दुर्बिणीतून तो खरवडावा लागतो. वयस्कर माणसाला दर वेळची भूल जड जाते. त्याऐवजी 75 मिलिग्रॅम मायटोमायसिनचं जेल सहा आठवडे मूत्राशयात सोडलं तर? एन्व्हिजन नावाच्या चाचणीत तीन महिन्यांनंतर 78 टक्के रुग्णांमध्ये कॅन्सर दिसला नाही. आकडा उत्तम. पण चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मवाळ कॅन्सर मुळातच कधी येतो, कधी महिनोन्‌महिने दबून राहतो; मग रुग्ण किती काळ स्वच्छ राहिला याचं श्रेय जेलला किती आणि रोगाच्या स्वभावाला किती, हे एका गटावरून कसं ठरवायचं? मे 2025 मध्ये औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने पाच विरुद्ध चार मतांनी या उपचाराच्या विरोधात कौल दिला. तीन आठवड्यांनी, 12 जून 2025 रोजी, प्रशासनाने तरीही परवानगी दिली.

मला समितीच्या बहुमताची शंका रास्त वाटते. मूत्रपिंडात पर्याय होता अवयव काढण्याचा, म्हणून एका गटाच्या चाचणीवर विसंबणं समजू शकतं. मूत्राशयात पर्याय म्हणून खरवडण्याची चांगली रुळलेली शस्त्रक्रिया आहे, शिवाय तिथे साधं द्रावणही तास-दोन तास थांबतंच. जेलने तिथे जास्तीचं काय मिळतं हे दाखवण्याची जबाबदारी मोठी आहे. भुलेपासून सुटका हा वयस्कर रुग्णाचा खरा दिलासा आहे, यात शंका नाही. पण त्या दिलाशालाही तुलनेच्या चाचणीचा आधार हवा.

पोकळ अवयव सोडून भरीव गाठीकडे वळलं की प्रश्न आणखी अवघड होतो. ही वाट चोखाळली ती अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात सुंग वान किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पोलोक्सामर एक-दोन दिवसांत झिजून जातं आणि त्याची साखळी शरीरात तुटत नाही. किम यांच्या गटाला आठवडेच्या आठवडे टिकणारं आणि शेवटी निरुपद्रवी तुकड्यांत मोडणारं जेल हवं होतं. 1997 मध्ये नेचर या नियतकालिकात त्यांनी पहिलं असं जेल मांडलं. त्याचं वागणं मात्र उलट होतं. ते 45 अंशांना पातळ असे आणि शरीराच्या तापमानाला थंड होऊन घट्ट होई, म्हणजे इंजेक्शन गरम करून द्यावं लागणार. दोन वर्षांत त्यांनी साखळीतल्या भागांची मांडणी बदलली आणि गार असताना पातळ, उबेत घट्ट होणारं जेल मिळालं. साखळीतला पाण्याशी फटकून वागणारा भाग विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्यात वापरतात त्याच घराण्यातला होता. शरीरात तो हळूहळू लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांत मोडतो.

याच घराण्यातल्या रीजेल नावाच्या जेलमध्ये पॅक्लिटॅक्सेल मिसळून ऑन्कोजेल बनलं. पॅक्लिटॅक्सेल हे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरवरचं नेहमीचं औषध, पण पाण्यात ते जवळपास विरघळतच नाही. शिरेतून देताना एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात ते मिसळावं लागतं आणि त्या द्रावकाची काहींना तीव्र ॲलर्जी येते. जेलच्या गोळ्यांच्या आतल्या कोरड्या भागात मात्र ते पाण्यातल्यापेक्षा चारशे पटींहून जास्त मावतं. गाठीत एकदा टोचलं की सहा आठवडे ते हळूहळू पाझरत राहतं. कल्पना सुरेख. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये, किमो आणि रेडिएशनच्या जोडीला ऑन्कोजेल देऊन 137 रुग्णांवर तुलनेची चाचणी झाली. ज्यांना जेल दिलं आणि ज्यांना दिलं नाही, त्यांच्या गाठी आकसण्यात फरक पडला नाही.

हे अपयश नीट समजून घेण्याजोगं आहे. रेणू पेशींच्या दाटीतून पुढे सरकतात ते धडपडत, दिशाहीन. अशा हालचालीत दहापट अंतर कापायला शंभरपट वेळ लागतो. एक मिलिमीटर अंतर काही तासांत कापणाऱ्या रेणूला सेंटिमीटरभर जायला कित्येक दिवस लागतात आणि तेवढ्या काळात गाठीतल्या रक्तवाहिन्या त्याला उचलून नेतात. म्हणून इंजेक्शनच्या जागेभोवती काही मिलिमीटरपर्यंत औषध दाट आणि त्यापुढे जवळपास नाहीच, अशी स्थिती होते. अन्ननलिकेची गाठ भिंतीतून खोल जाते, शेजारच्या लसिका ग्रंथींतही पसरते. तिथे औषधाने काही मिलिमीटरचा पल्ला गाठून भागत नाही. मूत्रपिंडातला मवाळ कॅन्सर अस्तरावर पातळ थरात असतो आणि जेल त्या थराला सगळीकडून चिकटतं. तिथे काही मिलिमीटर पुरतात. दोन्ही जेलं आपापलं काम चोख करत होती. एका जागी रोगाचा भूगोल जेलच्या पल्ल्यात बसत होता, दुसऱ्या जागी बसत नव्हता.

स्थानिक उपचाराची हीच मर्यादा मेंदूतही दिसली होती. ग्लायाडेल हे जेल नाही. ती कार्मस्टिन हे किमोचं औषध भरलेली नाण्याएवढी चकती आहे. जॉन्स हॉपकिन्सचे न्यूरोसर्जन हेन्री ब्रेम आणि एमआयटीचे रॉबर्ट लँगर यांच्या कामातून ती आली. गाठ काढून झालेल्या खड्ड्यात अशा आठपर्यंत चकत्या मांडतात. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 222 रुग्णांच्या चाचणीत औषधाची चकती मिळालेल्यांचं मध्यम आयुर्मान 31 आठवडे होतं, औषधाविना चकती मिळालेल्यांचं 23. आठ आठवडे. मेंदूच्या भयंकर कॅन्सरच्या रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना हे आठवडे लहान वाटत नाहीत. 1996 मध्ये चकतीला परवानगी मिळाली आणि औषध गाठीच्या जागी ठेवून उपयोग होतो हे पहिल्यांदा ठामपणे दिसलं. सपाट चकतीला खड्ड्याच्या वेड्यावाकड्या भिंतीशी नीट चिकटता येत नाही. ओतून घट्ट होणारं जेल तिथे जास्त योग्य ठरेल, म्हणून त्या दिशेने प्रयोगशाळांत काम चालू आहे. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसॅनमध्ये ग्लिसेरोफॉस्फेट मिसळून उबेत घट्ट होणारं जेल 2000 मध्ये मांडलं गेलं, त्यावरही अनेक गट काम करतात.

या सगळ्यांना छळणारे प्रश्न तेच आहेत. सुई शरीरात शिरली की स्वतःच तापते आणि जेल आतच घट्ट होऊ लागतं. पहिल्याच दिवशी औषधाचा मोठा वाटा भसकन बाहेर पडतो, मग पुढचे आठवडे थेंब थेंब. गाठीच्या आत दाब जास्त असल्याने टोचलेला द्रव सुईच्या वाटेने परत येतो. जेल मोडताना तयार झालेल्या आम्लाने आसपासच्या पेशींना इजा होऊ शकते.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेली एक चाचणी या संदर्भात मला वारंवार आठवते, जरी तिचा जेलशी थेट संबंध नाही. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया करण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीच्या भोवती लिडोकेनचं इंजेक्शन दिलं. लिडोकेन म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे हिरडी बधिर करतात ते स्वस्त औषध. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हलते-डुलते, तेव्हा तिच्या पेशी रक्तात सुटू शकतात, आणि लिडोकेन त्यांची हालचाल रोखू शकेल, असा तर्क होता. जवळपास 1,600 स्त्रियांवर तुलनेची चाचणी झाली आणि 2023 मध्ये निकाल आले. पाच वर्षांनंतर कॅन्सर न परतलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन मिळालेल्या गटात 86.6 टक्के होतं, दुसऱ्या गटात 82.6, जिवंत असलेल्यांचं प्रमाण 90.1 आणि 86.4. गाठीच्या कडेला काही मिनिटं थांबलेल्या औषधामुळे एवढा फरक पडला. जेलवर काम करणाऱ्यांसमोर त्यामुळे एक नेमका प्रश्न उभा राहतो. शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेल्या कडेला, जिथे उरलेल्या पेशी खरोखरच काही मिलिमीटरच्या आत असतात, तिथे औषध मिनिटांऐवजी दिवसभर किंवा आठवडाभर धरून ठेवलं तर काय होईल? त्याचं उत्तर मिळवायला एवढ्याच मोठ्या तुलनेच्या चाचण्या आणि तेवढीच वर्षं लागतील.